बिनगाठीची पट्टी

आमच्या दवाखान्यातल्या बर्फाला पापलेटाचा वास यायचा. कंपाउंडर सावंत तो लालबागच्या मासळीबाजारातून आणायचे. तिथली एक कोळीण त्यांची मानलेली बहीण होती. वरचा मासे ठेवलेला थर बाजूला सारून ती खालच्या लादीतला तुकडा फोडून द्यायची, म्हणून तो बर्फ स्वच्छ, असं सावंतांचं ठाम मत. मी तो तीन पाण्यांनी धुऊन घ्यायची. तरीही दहाच्या सुमारास गिरणीतली दोन मांजरं दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचीच.

मला याद्या करायची सवय आहे. बाजाराची यादी सगळेच करतात. मी झालेल्या चुकांचीही करते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतली माझी एक लांबट वही अजून कपाटात आहे. तिच्या एका पानावर असं लिहिलं आहे : 'बर्फ – दोन शेर. लाकडाचा भुसा. गोणपाट. रबरी पिशवी – एक, गळकी. पट्ट्या – चार बोटं रुंद. घड्याळ – पाच मिनिटं पुढे. कात्री – बोथट, बदलणे.' कात्री तेव्हाच बदलली असती तर पुढचा एक प्रसंग थोडक्यात निभावला असता. पण ते पुढे येईल.

मी मूळची गिरगावची. आमच्या घरात तीन पिढ्या कारकून. मी नर्स होणार म्हटल्यावर वडील एवढंच म्हणाले, "सरकारी इस्पितळात तरी राहा." मी राहिले लालबागच्या एका गिरणीच्या दवाखान्यात. सकाळी ट्रामने यायची, संध्याकाळी ट्रामने जायची. दवाखाना म्हणजे फाटकाजवळच्या दोन खोल्या. एकीत औषधं आणि सावंत, दुसरीत बाक, टेबल आणि मी. डॉक्टर आठवड्यातून तीनदा अकरा वाजता यायचे. ते पारशी होते. मराठीत माणसांना सरसकट 'तू' म्हणायचे आणि स्वतःच्या जुन्या मोटारीला मात्र 'चला, आता निघू या' असं अदबीने सांगायचे.

गिरणीच्या दवाखान्यात मोठे अपघात येतात असं बाहेरच्यांना वाटतं. ते येत, पण क्वचित. रोज येत ती छोटी, कंटाळवाणी दुखणी : खोकला, डोळ्यात गेलेला कापूस आणि हात. हातांची दुखणी सर्वांत जास्त वाइंडिंग खात्यातून. या खात्यात बहुतेक बायका. लहान रिळांवरचं सूत मोठ्या बॉबिनीवर गुंडाळलं जात असताना धागा तुटतो. बाई दोन्ही टोकं पकडते, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये डोळ्याचं पातं लवायच्या आत एक बारीक गाठ मारते आणि यंत्र पुढे जातं. ही गाठ कधी सुटत नाही. सुटली तर साच्यावर, म्हणजे मागावर, कापडात भोक पडतं आणि शिव्या थेट वाइंडिंग खात्यापर्यंत येतात. पाळीभर, वर्षानुवर्षं, तोच अंगठा आणि तीच गाठ.

चंद्राबाई या खात्यातली सर्वांत चपळ बाई. तिशीची, मालवणकडची, बोलण्यात कुणाला न ऐकणारी. एका सोमवारी ती दवाखान्यात आली आणि उजवा हात टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, ह्या अंगठ्याक सांगा कायतरी. माझा ऐकणा नाय."

मी तिला अंगठा आत घेऊन मूठ वळायला लावली आणि मूठ करंगळीच्या बाजूला झुकवली. ती किंचाळली तशी सावंतांच्या हातून बाटली निसटली. मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, बोराएवढी सूज होती.

इथे थोडं समजावून सांगते. स्नायूला हाडाशी बांधणारी पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा. मटण खाणाऱ्यांच्या दातात अडकते ती. कामगारांना मी गिरणीच्या भाषेत सांगायची : स्नायू म्हणजे मोटार, हाड म्हणजे साचा आणि कंडरा म्हणजे मधला पट्टा. मनगटाजवळ हा पट्टा एका अरुंद नळीतून जातो. एकच हालचाल फार झाली की नळी सुजते आणि पट्टा आत घासू लागतो. कंडरा पांढरी असते, कारण तिच्यात रक्त थोडं. स्नायूला पहिल्या पंगतीचं भरपूर वाढलेलं मिळतं, कंडरेला शेवटच्या पंगतीचं. म्हणून तिचं दुखणं रेंगाळतं.

डॉक्टरांनी हात पाहिला आणि चिठ्ठीचा कागद ओढला. "सिस्टर, ही नळी कापायला पायजे. हॉस्पिटलला लिही."

"किती दिवस लागतील?"

"दीड महिना धर."

चंद्राबाईची पंधरा दिवसांची रजा शिल्लक होती. त्यानंतर तिच्या यंत्रावर बदली बाई कायम होणार आणि चंद्राबाई झाडू खात्यात जाणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मला जरा जास्तच ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी यशोदा नावाची अशीच एक बाई माझ्याकडे आली होती. तिला मी रोज शेक दिला, मलम चोळलं, आणि तसंच काम करू दिलं. सूज वाढत गेली. आता ती रोज सकाळी दवाखान्यासमोरचं आवार झाडायची आणि मला हसून "बऱ्या हायसा न्हवं?" असं विचारायची. मी 'बरी आहे' म्हणून वहीत डोकं घालायची.

मी डॉक्टरांना म्हटलं, "पंधरा दिवस माझ्याकडे द्या. काम पूर्ण बंद. बर्फ आणि दाबपट्टी."

"आमच्या घरी बरफ फालुद्यात जाते, सिस्टर."

"शिकत होते तेव्हा मेट्रनबाई मुरगळलेल्या घोट्यावर गार पट्ट्या बांधायच्या. उतार पडायचा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग चंद्राबाईकडे. "सोळाव्या दिवशी मी खात्यात येते. तिथली मुख्य बाई, नायकीण, जे काम देईल ते हिने करायचं. नाय झालं तर चिठ्ठी."

अशी पैज लागली. चंद्राबाईने दारातून बाहेर पडताना मला विचारलं, "बाई, झाडू खात्यात गेलंय तर हे हात घेऊन काय करू?" मी म्हटलं, "उद्या सातला ये."

तिच्या चाळीत माझ्याविरुद्ध मोर्चाच निघायचा बाकी होता. सासूचं म्हणणं, दुखणाऱ्या हाताला गरम विटेचा शेक द्यायचा. बर्फ लावला तर हातात वात धरणार. साळूबाई नायकीण, म्हणजे वाइंडिंग खात्याची मुख्य बाई, साताऱ्याकडची. ती खास सांगायला आली, "आवं नर्सबाई, बिब्बा लावा बिब्बा. बरफानं काय हुतंय? मासं टिकत्यात, बाई न्हवं." आणि पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ मनगटावर ठेवताच चंद्राबाई बाकावरून उठलीच. "गे बाये माझे! ह्यो बरफ आसा काय इंचू?"

"दहा मिनिटं."

"आणि हातार माशाचो वास येता त्याचा काय?"

"तो फुकट."

बर्फाने काय होतं? मला समजलं तेवढं सांगते. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात. त्या जागी जाणारं रक्त मंदावतं, सूज वाढवणारा पाझर कमी होतो आणि दुखणं बधिर होतं. वरून पट्टी बांधली की दाबामुळे साचलेलं पाणी आल्या वाटेने परत जातं. दोन्ही मिळून परिणाम जास्त होतो आणि धोकाही तिथेच असतो. ज्या कंडरेला मुळातच रक्त थोडं, तिचं रक्त फार वेळ अडवलं तर ती उपाशी राहील. म्हणून दहा मिनिटं झाली की बर्फ काढायचा. रक्त परत येतं, हात लाल होतो, ऊब येते. मी बायकांना सांगायची, बर्फ लावणं हा अर्धा उपचार आणि काढणं हा उरलेला अर्धा. रक्त परत आलं की नाही हे बघायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. नख दाबायचं, ते पांढरं पडतं. सोडायचं आणि गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते बघायचं. लगेच झालं तर ठीक.

चार दिवस झकास गेले. दिवसातून तीनदा दवाखान्यात बर्फ, आणि पहाटे घरी एकदा, संध्याकाळी भुशात गुंडाळून नेलेल्या तुकड्यावर. घरी पट्टी तिने स्वतः बांधायची. मी तिला आमच्याच गिरणीच्या कोऱ्या कापडातून तीन पट्ट्या फाडून दिल्या आणि बजावलं, "सैल नको. घट्ट बांध."

पाचव्या दिवशी ती सातला आली ती हात पदराखाली धरून. चेहरा पांढरा. "बाई, तुमी म्हटल्यात घट्ट बांध. बांधलंय."

पदर बाजूला केला. बोटं जांभळट, सुजलेली, गार. पट्टी मनगटात रुतलेली. मी नख दाबलं आणि सोडलं. काहीच झालं नाही. नख पांढरं ते पांढरंच.

झालं होतं ते असं. पहाटे बर्फ लावून तिने पट्टी बांधली आणि घागर घेऊन नळावर गेली. बर्फाच्या पाण्याने आणि नळाच्या पाण्याने पट्टी चिंब झाली. कोरं कापड ओलं झालं की आटतं, हे गिरणगावातल्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. कापडाच्या गिरणीत सात वर्षं काढलेल्या नर्सला मात्र पट्ट्या आधी धुऊन घ्यायचं सुचलं नाही. आणि घट्ट म्हणजे काय हे मी वाइंडिंग खात्यातल्या बाईला सांगितलं होतं. तिने डाव्या हाताने आणि दातांनी आपली नेहमीची गाठ मारली होती. न सुटणारी.

"सोडव," मी म्हटलं.

"सोडवूक जाता तर मी हय येतंय कित्याक?"

मी कात्री घेतली. ओल्या कापडावर ती नुसती चावत राहिली. यादीतली तीच बोथट कात्री. मी पुन्हा पुन्हा त्याच जागी ती चालवत राहिले. चंद्राबाई मला म्हणाली, "बाई, घाबरा नुको," आणि हे तिने मला सांगावं याचीच मला लाज वाटली. शेवटी सावंतांनी पायाची कुरुपं काढायचं पातं आणलं, पट्टीखाली चमच्याचा दांडा सरकवला, आणि त्यावर पातं धरून एक एक थर कापत गेले. पट्टी सुटली. मनगटावर तिच्या विणीची नक्षी उमटली होती.

मी परत नख दाबलं आणि सोडलं. एक. दोन. तीन. चार. पाचला नखाच्या मुळाशी एक गुलाबी रेघ दिसली. ती हळूहळू वर सरकली. मग बोटांत मुंग्या आल्या आणि चंद्राबाई हात झटकत सगळ्या दवाखान्यात नाचायला लागली, "गे बाये, हजार मुंग्यो! हजार!" इतकं सुरेल ओरडणं मी नोकरीत दुसरं ऐकलेलं नाही. सावंत तोंड फिरवून हसले. मी खुर्चीत बसले आणि रजिस्टर उघडलं.

अकराला डॉक्टर आले तेव्हा मी रजिस्टरात सगळं लिहून ठेवलं होतं : कोरं कापड, न धुता, सूचना अपुरी, चूक माझी. त्यांनी दोनदा वाचलं. "कापड कोणच्या गिरणीचं?"

"आपल्याच."

"मग मॅनेजरला सांग, माल फार मजबूत हाय." मग त्यांनी चंद्राबाईची सगळी नखं एक एक करून दाबून पाहिली, आणि वर न बघता विचारलं, "दिवस किती राहिले?"

"दहा."

"मग माझं तोंड काय बघते? कर."

त्या दिवशी नवी कात्री आली आणि नवी यादीही झाली. ती यादी चंद्राबाईने सांगितली, मी लिहून घेतली. पट्टी जुन्या, धुतलेल्या लुगड्याची. नळावरून आल्यावर बांधायची, जाण्याआधी नाही. बोटांकडून कोपराकडे, आणि पट्टीखाली एक बोट जाईल इतकीच. शेवटचं कलम माझं होतं : गाठ मारायची नाही, टोक आत खोचायचं. त्यावर मात्र ती भडकली.

"गाठ मारूची नाय तर बांधूचा कित्याक? बांधला म्हणजे गाठ!"

"कासोटा कसा खोचतेस? तो सुटतो का?"

तिने कमरेमागे हात नेऊन कासोटा चाचपला. मग म्हणाली, "कासोट्याची गोष्ट येगळी. पण बघू." तिला ते अपमानकारक वाटत होतं हे मला दिसत होतं. पंधरा वर्षं जिने एकही गाठ सुटू दिली नाही, तिला मी बिनगाठीची पट्टी बांधायला लावत होते. तरी तिने केलं.

मध्येच हरताळ आला. त्या दिवशी ट्राम बंद, गिरणी बंद, मासळीबाजार बंद, म्हणजे बर्फही बंद. मी गिरगावात घरी बसून दिवसभर तिच्या मनगटाचा विचार करत राहिले. दुसऱ्या दिवशी सातला पाहते तर सूज निम्म्याने उतरलेली. मी थक्क झाले. "काय केलंस?"

"मोरच्यात गेललंय. तुमीच सांगितल्यात ना, हात वर ठेव म्हणान? ठेवलंय. लालबागपासून चौपाटीपर्यंत. घोषणा दिली की हात वर."

"घोषणा संपल्यावर?"

"संपता खंय?"

हात हृदयापेक्षा वर ठेवला की साचलेलं पाणी उतरतं, हे मी सांगितलं होतं खरं; पण त्यासाठी उशी घ्यायची होती, मोर्चा नव्हे. वाटेत लोक माठातलं गार पाणी देत होते, ते तिने पट्टीवरही ओतून घेतलं होतं. "आणि दहा मिनिटं कशी मोजलीस?" तर म्हणाली, एका पुढाऱ्याचं भाषण संपेपर्यंत. म्हणजे बरंच जास्त झालं असणार. पण कापड धुतलेलं होतं, टोक खोचलेलं होतं आणि नखं गुलाबी होती. मी रजिस्टरात लिहिलं : 'उंच ठेवणे – सहा तास. गुण चांगला.' मोर्चाचा उल्लेख केला नाही, कारण रजिस्टर मॅनेजरही बघायचे.

सोळाव्या दिवशी डॉक्टर खरोखरच वाइंडिंग खात्यात आले. पाच मिनिटांत त्यांच्या काळ्या कोटावर कापूस बसून ते पिकल्यासारखे दिसू लागले. यंत्रांच्या आवाजात कानाशी ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी आधी मूठ झुकवून पाहिली. मी डोळे मिटले. किंचाळी आली नाही. मी डोळे उघडले तर चंद्राबाई माझ्याकडेच बघत होती. "जरा वढता," ती ओरडून म्हणाली, "पण दुखणा नाय."

मग साळूबाई पुढे आली. तिने एका रांगेतले धागे बोटाने पटापट तोडत नेले. दया अशी अजिबात दाखवली नाही. चंद्राबाई मागोमाग निघाली. टोकं पकडली, अंगठा हलला, गाठ. पुढचं. गाठ. पुढचं. पहिल्या दोन-तीन गाठींना ती जरा अडखळली, ओठ दाबून धरले. मग तिचा हात आठवणीवर चालू लागला आणि मला अंगठा दिसेनासा झाला. रांगेच्या शेवटी पोचून ती वळली, तर आजूबाजूच्या बायका आपापली यंत्रं सोडून उभ्या होत्या. त्यांना साळूबाई ओरडलीही नाही.

साळूबाईने मधलाच एक धागा उचलला, गाठीच्या दोन्ही बाजूंना बोटांना गुंडाळला आणि हिसडा दिला. धागा तुटला. तिने तुटलेला भाग डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर धरला आणि यंत्रांच्याही वर आवाज चढवून ओरडली, "धागा तुटला, गाठ न्हाई! बाई माझी हाय, यंत्रावर घेतली!"

डॉक्टर दुसऱ्या दिवशी मोठ्या थर्मासमधून फालुदा घेऊन आले. आम्ही तो औषधाच्या मापांतून प्यायलो. "सिस्टर," ते म्हणाले, "बरफाची खरी जागा ही. पण तुझी जागा पण चालेल."

त्यानंतर आमचा दवाखाना बर्फाचा दवाखाना झाला. हुतूतू खेळणारे टाच सुजली की येत. त्यातल्या एका पठ्ठ्याने दहा मिनिटांनी एवढा गुण तर तासाने किती, असा हिशेब करून घोट्यावर पांढरा चट्टा पाडून घेतला आणि महिनाभर माझं व्याख्यान ऐकलं. यशोदेचा हातही मी पाहिला. तिला आराम पडला, केर काढताना दुखेनासं झालं. पण यंत्रावर ती परत गेली नाही, तिची जागा भरून गेली होती. हे नफ्याच्या बाजूला लिहायचं की तोट्याच्या, हे मला वहीत ठरवता आलं नाही. ते पान अजून तसंच आहे.

आणि मग महाराष्ट्र झाला, मुंबईसह. त्या दिवशी लालबागला मी नातेवाइकांच्या लग्नाला जावं तशी गेले. चंद्राबाईच्या चाळीत पेढे वाटणं चालू होतं. तिची सासू मला म्हणाली, "ह्याच ती बरफवाली," आणि दोन पेढे जास्त दिले. समोरासमोरच्या दोन चाळींच्या गॅलऱ्यांमधून रस्त्यावर पताकांच्या माळा चढवत होते आणि कठड्याला दोरी बांधायला, अर्थातच, चंद्राबाई. पुरुष मंडळी खालून सूचना देत होती. ती कुणाचंही ऐकत नव्हती. मला बघून तिने उजवा अंगठा उंच धरून हलवला आणि परत कामाला लागली.

महिन्याभराने पताका उन्हाने फिक्या पडल्या, लोकांनी त्या उतरवायचं ठरवलं. त्याच दिवशी पाळी सुटल्यावर चंद्राबाई दवाखान्याच्या दारात उभी.

"बाई, तुमची नवी कात्री दितास?"

"कशाला?"

"माळो उतरवूच्यो आसत. गाठी सुटनत नाय. चाळीतले चार पुरुष दमले."

"तूच मारल्यास ना? तूच सोडव."

"मी मारलंय म्हणानच सुटनत नाय," ती म्हणाली, आणि इतकी हसली की पायरीवरची मांजरं उठून गेली.

मी कात्री दिली आणि वहीत नोंद केली. ती नोंद आज माझ्यासमोर आहे : 'नवी कात्री – चंद्राबाई, वाइंडिंग खातं – नेली.' आणि खाली, दुसऱ्या दिवशीच्या शाईत : 'परत आली. धार गेली.'